आय-थ्रीसोबत आठ महिने : एका अनुवादिकेचा अनुभव

मी इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. दिवसभर डावीकडे मूळ मजकूर, उजवीकडे अनुवाद आणि त्यांच्यामागे कुठेतरी शब्दकोश. या तीन खिडक्या माउसने सरकवण्यातच जीव जायचा. आठ महिन्यांपूर्वी ४ जीबी रॅमच्या जुन्या डेस्कटॉपवर डेबियन १२ (लिनक्सचा एक प्रकार) होतं, त्यावर आय-थ्री टाकलं. हा पडद्यावरच्या खिडक्यांची मांडणी सांभाळणारा प्रोग्राम.

यात नवी खिडकी उघडली की ती आधीच्या खिडकीशेजारी जागा वाटून घेते, तिच्यावर चढून बसत नाही. आय-थ्रीच्या शॉर्टकटसाठी जी की धरून ठेवायची तिला मॉड म्हणतात, ती म्हणून मी विंडोज-की निवडली. मॉड आणि १ दाबलं की लेखनाचा वर्कस्पेस (म्हणजे स्वतंत्र पडदा), २ वर ब्राउझरचा, ३ वर मेलचा. आता बोटं आपोआप तिथे जातात. शब्दकोश स्क्रॅचपॅडमध्ये, म्हणजे खिडकी लपवून ठेवायच्या जागेत, ठेवलाय : मॉड आणि वजा चिन्ह दाबलं की तो समोर तरंगतो, शब्द बघून पुन्हा तेच दाबलं की गायब. अनुवाद करणाऱ्या कुणालाही मी आधी हेच दाखवेन.

मराठीचं काय होणार, ही खरी धास्ती होती. मॉड आणि डी दाबून डीमेन्यू या यादीत प्रोग्राम शोधायचा असतो, पण इनस्क्रिप्ट या मराठी कीबोर्डच्या मांडणीत (लेआउटमध्ये) ‘डी’वर हलन्त आहे. पहिल्या आठवड्यात मी कीबोर्डच्या यादीत मराठी आधी ठेवलं आणि अक्षरांचे सगळे शॉर्टकट बंद पडले. एंटर आणि बाणांची बटणं तेवढी चालत होती. एक संध्याकाळ त्यातच गेली. उत्तर आय-थ्रीच्या मार्गदर्शिकेतच होतं : शॉर्टकट पहिल्या लेआउटवरून ठरतात आणि मग सगळ्या लेआउटमध्ये चालतात. इंग्रजी पहिलं, मराठी दुसरं असा क्रम लावला. तेव्हापासून मराठी चालू असतानाही काही अडत नाही. (मिखाएल श्टापेलबर्ग यांनी २००९ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाची मार्गदर्शिका शांतपणे वाचण्यासारखी आहे. मी ती छापून घेतली.)

खालच्या पट्टीला नोटो सान्स देवनागरी फॉन्ट दिला, वर्कस्पेसना ‘लेखन’, ‘टपाल’ अशी नावं दिली. अक्षरं नीट जुळून येतात. डीमेन्यूत मात्र जोडाक्षरं फुटतात. मराठी नावाच्या फायली शोधायच्या तर त्याऐवजी रोफी हा तशाच कामाचा प्रोग्राम वापरा.

२४ इंची पडद्यावर एकच खिडकी असली की ओळी इतक्या लांब होतात की वाचताना मान फिरवावी लागते. ४.२२ आवृत्तीपासून गॅप्स (खिडक्यांभोवतीची मोकळी जागा) मूळ आय-थ्रीतच आले आहेत. खिडकी एकटी असेल तेव्हाच दोन्ही बाजूंना रुंद समास सोडायचा, अशी सोय त्यात आहे. छापील पानासारखं दिसतं.

तयार मात्र फारसं काही मिळत नाही. स्क्रीनशॉट, पेनड्राइव्ह आपोआप जोडला जाणं, हे एकेक करून आय-थ्रीच्या कॉन्फिग फाइलमध्ये (सेटिंग्ज लिहायच्या फाइलमध्ये) बसवावं लागलं. बदल केला की मॉड, शिफ्ट आणि आर दाबायचं, आय-थ्री नव्याने सुरू होतं. उघड्या खिडक्या जागच्या जागी राहतात, म्हणून प्रयोग करायला भीती वाटत नाही. तरी पहिले तीन आठवडे कामाचा वेग निम्म्यावर आला होता. हातात तातडीचं काम असताना हा बदल करू नका.

एक्सएफसीई हे नेहमीच्या धाटणीचं डेस्कटॉप मी काढलेलं नाही. मुलगी शाळेच्या प्रकल्पासाठी बसते तेव्हा लॉगिनच्या पडद्यावर तेच निवडते.