अंग अस्सल, केप बनावट: जुन्या जावाच्या सौद्यात फसवणूक कशी होते

आमच्या ओळखीच्या एका संग्राहकाने केनर या अमेरिकन खेळणी कंपनीचा जुना जावा विकत घेतला, म्हणजे स्टार वॉर्स चित्रपटांतल्या जावा या बुटक्या पात्राची फिगर (छोटी बाहुली), व्हिनाइल (लवचीक प्लास्टिक) केपवाली. विक्रेत्याने पायामागचा शिक्का जवळून टिपून पाठवला होता. सांधे घट्ट, डोळ्यांचा रंग शाबूत, हातात ब्लास्टर ही बंदूक. हाती पडलेली फिगर खरोखरच जुनी आणि अस्सल निघाली. खोटी होती ती फक्त केप, आणि त्याने पैसे मोजले होते नेमके केपचे.

हे समजायला थोडा इतिहास लागतो. केनरने १९७८ मध्ये पहिल्या १२ फिगर बाजारात आणल्या. बहुतेक फिगर पावणेचार इंचांच्या आसपास, जावा मात्र जेमतेम सव्वादोन इंचांचा. सुरुवातीच्या जावाला व्हिनाइलची केप होती. थोड्याच काळात ती बदलून कापडी झगा दिला गेला. एवढ्याशा फिगरला व्हिनाइलचा तुकडा म्हणजे गिऱ्हाइकाला पैसे वाया गेल्यासारखं वाटेल, म्हणून हा बदल झाला असं संग्राहकांमध्ये सांगतात. कापडी झग्याचा जावा भरपूर विकला गेला आणि आजही सहज मिळतो. व्हिनाइलवाला दुर्मीळ आहे, त्याची किंमत कित्येक पटींनी जास्त. आतली फिगर दोन्हींत सारखीच. म्हणजे साधा जावा घ्यायचा, झगा काढायचा, बनावट केप चढवायची, की झाला दुर्मीळ माल तयार.

म्हणून पायावरचा शिक्का इथे काहीही सिद्ध करत नाही. त्यावरचं १९७७ हे साल स्वामित्वहक्काचं आहे, फिगर कारखान्यातून कधी बाहेर पडली त्याचं नव्हे. शिक्क्यातली जी.एम.एफ.जी.आय. ही अक्षरं म्हणजे जनरल मिल्स फन ग्रुप, केनरची त्या वेळची मालक कंपनी. कापडी झग्याच्या जावावरही तेच साल असतं. विक्रेता शिक्क्याचे चार फोटो आणि केपचा एकच, तोही लांबून काढलेला, पाठवत असेल तर तिथेच सावध व्हा.

बनावट केप दोन प्रकारची असते. पहिली बेन केनोबी या दुसऱ्या पात्राच्या फिगरच्या केपची. तीही तपकिरी व्हिनाइलची, तीही जुनी आणि तीही केनरचीच, म्हणून साहित्य बघून शंका येत नाही. ती खालून कापून आखूड करतात. ओळखायचं ते प्रमाणावरून आणि कडांवरून. बेनची केप मोठ्या माणसाच्या मापाची, तेव्हा खांदे, गळा आणि हातांची छिद्रं जावाच्या अंगावर सैल आणि चुकीच्या जागी बसतात. कारखान्यात डायने (ठरावीक आकाराच्या पात्याने) कापलेली कड एकसलग असते, कात्रीने कापलेल्या कडेला कात्री थांबून पुन्हा सुरू झाल्याच्या बारीक पायऱ्या दिसतात. खालची कड आणि हाताच्या छिद्राची कड शेजारी शेजारी ठेवून भिंगाखाली पाहा. एक घासलेली, मळलेली आणि दुसरी ताजी, असं दिसलं तर खालचा भाग नंतर कापलेला आहे.

दुसरा प्रकार नव्या व्हिनाइलमधून पूर्ण केप कापण्याचा. रंगाची छटा आणि पृष्ठभागाचा पोत यांत ती मार खाते, पण स्क्रीनवर छटा कधीच विश्वासार्ह दिसत नाही. म्हणून विक्रेत्याकडे नेमके फोटो मागा: केप काढून सपाट ठेवलेली, दोन्ही बाजूंनी, शेजारी पट्टी आणि त्याच दिवसाची तारीख लिहिलेली चिठ्ठी. मग खात्रीच्या केपच्या मापांशी ताडून बघा. केप काढली तर फाटेल ही सबब ऐकून फोटो सोडून देऊ नका. ज्या भागाचे पैसे, तो भाग बघायला मिळालाच पाहिजे.

हीच युक्ती इतर फिगरमध्येही चालते. सुरुवातीच्या ल्यूक, बेन आणि डार्थ वेडर या पात्रांच्या थोड्या नगांत लाइटसेबर (प्रकाशाची तलवार) दोन टप्प्यांत बाहेर येतो: हातातून जाड भाग आणि त्याच्या आतून आणखी एक बारीक टोक. फिगर साधी, सेबर नकली, किंमत दुर्मीळ नगाची, असा माल फिरत असतो. बोबा फेट या पात्राच्या फिगरचं तर आणखी स्पष्ट आहे. क्षेपणास्त्र उडवणारा फेट टपालाने देण्याची जाहिरात झाली होती, पण मुलांच्या घशात अडकण्याच्या धोक्यामुळे ग्राहकांना क्षेपणास्त्र पक्कं बसवलेली फिगरच मिळाली. उडवणारे फेट उरले ते फक्त कंपनीतले नमुने. लहानपणी टपालाने आलेला उडवणारा फेट कुणी विकायला काढला असेल, तर पुढे बोलायची गरज नाही.

ब्लास्टरसाठी पाण्यात टाकून बघायची चाचणी प्रसिद्ध आहे: जुनं शस्त्र तरंगतं, नकली बुडतं. एकट्या या चाचणीवर भरवसा ठेवू नका. तरंगणाऱ्या नकला बनतात आणि काही अस्सल शस्त्रं बुडतात. कोरीव रेषांची धार जास्त सांगते. खऱ्यावरून साचा घेऊन केलेल्या नकलेत बारीक रेषा बुजतात आणि आकार किंचित आकसतो.

मूळ पुठ्ठ्याच्या कार्डावर बंद असलेल्या फिगरमध्ये धोका आणखी मोठा, कारण सुटा माल नव्या बबलमध्ये (पारदर्शक प्लास्टिकच्या कवचात) घालून जुन्या किंवा छापलेल्या कार्डावर चिकटवता येतो. बबलच्या कडेला चारही बाजूंनी तिरपा उजेड टाका. गोंदाची चमक, कडेबाहेर फाटलेला छापील थर, आधीच्या बबलचा पुसट ठसा ही पुन्हा चिकटवल्याची लक्षणं. कार्डावरची काळी अक्षरं १० पटीच्या भिंगातून बघा: मूळ छपाईत ती सलग काळी आणि धारदार असतात, स्कॅन करून छापलेल्यात रंगीत ठिपक्यांची झालेली दिसतात. अतिनील दिव्याखाली नवा कागद बऱ्याचदा निळसर पांढरा चमकतो, पण कागद उजळवणारी रसायनं त्या काळीही वापरात होती, म्हणून त्याच मालिकेचं खात्रीचं कार्ड शेजारी धरल्याशिवाय निष्कर्ष काढू नका.

दर्जा ठरवणाऱ्या संस्थेची अॅक्रिलिक पेटी असली तरी पेटीसुद्धा तपासा. लेबलवरचा क्रमांक संस्थेकडे पडताळा, जोडांवर पेटी उघडून पुन्हा चिकटवल्याच्या खुणा शोधा, आतल्या फिगरवरचे ओरखडे जुन्या फोटोंशी जुळवा.

ऑनलाइन पैसे देताना मित्र किंवा नातेवाइकाला पाठवायचा पर्याय विक्रेता सुचवेल, शुल्क वाचतं म्हणून. त्या पर्यायात खरेदीदाराचं संरक्षण नसतं. वर उल्लेखलेल्या सौद्यात नेमकं हेच झालं, आणि केप बनावट निघाल्यावर तक्रार कुठे करायची हाच प्रश्न उरला. पार्सल उघडताना सलग चित्रण करा, पत्त्याच्या चिठ्ठीपासून सुरुवात करून. शंका आली तर केप धुऊ किंवा ताणून बघू नका, पार्सलचा खोका फेकू नका आणि तक्रारीची मुदत कधी संपते ते त्याच दिवशी बघून ठेवा. विक्रेता पुढच्या आठवड्यात पैसे परत करतो म्हणत ती मुदत संपवायलाच बघत असतो.