रोज तीन ओळी: आठ महिन्यांच्या अनुलेखन-श्रुतलेखनाचा अनुभव

आमची लेक नऊ वर्षांची आहे. आम्ही भांडुपला राहतो आणि तिला घरीच शिकवतो. वाचनाची तिला जबर आवड, गोष्टीही रंगवून सांगते, पण लिहायला बसली की 'मि', 'आणी', 'पाणि', 'फुल'. गेल्या जूनपासून आम्ही तिचं शुद्धलेखन फक्त अनुलेखन (बघून लिहिणं) आणि श्रुतलेखन (ऐकून लिहिणं) यांवर चालवतोय. आता आठ महिने झाले, म्हणून सविस्तर लिहिते.

त्याआधी उन्हाळ्यात मी माझ्या शाळेत व्हायचं तेच केलं होतं. दर शनिवारी न दाखवलेला उतारा सांगायचा, चुकांना लाल गोल करायचे आणि प्रत्येक शब्द पाच वेळा लिहून घ्यायचा. दोन महिन्यांत काडीचा फरक पडला नाही, उलट शनिवार आला की तिचं पोट दुखायचं. कारण मला उशिरा कळलं. आपल्या रोजच्या बोलण्यात इकार-उकाराचा ऱ्हस्व-दीर्घ भेद कानाला जवळजवळ कळतच नाही. 'फूल' म्हणा की 'फुल' म्हणा, घरात एकच ऐकू येतं. म्हणजे कानाला जे ठाऊक नाही तेच मी कानाला विचारत होते. वर मी 'फूऽल' असं लांबवून सांगायचे. ती माझ्या तोंडाकडे बघून बरोबर लिहायची आणि स्वतःच्या डायरीत पुन्हा 'फुल'.

मग शार्लट मेसन या इंग्लंडमधल्या शिक्षणतज्ज्ञ बाईंची (1842–1923) पद्धत वाचनात आली. त्यांचं म्हणणं असं की शब्दाचं चित्र डोळ्यांत बसावं लागतं. म्हणून मुलाने आधी उतारा नीट बघायचा, अवघड शब्द डोळे मिटून आठवायचे, आणि मगच श्रुतलेखन घ्यायचं. चुकीचा शब्द लिहिला गेला तर तो लगेच कागदाच्या तुकड्याने झाकायचा, म्हणजे चुकीचं चित्र डोळ्यांत राहत नाही. सासूबाईंना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "अगं, मग हा कित्ताच की! आम्ही रोज दहा ओळी शुद्धलेखन लिहायचो." खरंच, त्यांच्या शाळेत 'शुद्धलेखन' म्हणजे बघून लिहिणंच होतं.

आमचा क्रम साधा आहे. सोमवार ते गुरुवार दुरेघी वहीत तीन ओळी बघून लिहायच्या, पंधरा मिनिटं, त्याहून जास्त नाही. शुक्रवारी त्याच उताऱ्यातले चाळीस-पन्नास शब्द मी सांगते, वाक्याचा एकेक तुकडा, एकदाच. ती अडखळली की "दाखव" म्हणते आणि मी दाखवते. ही परीक्षा नाही हे तिला पटायला महिना लागला. सुरुवातीला माझी मोठी चूक झाली. मी दहा-दहा ओळी द्यायचे. ती एकेक अक्षर बघून उतरवायची, हात दुखायचा आणि डोक्यात काही शिरत नव्हतं. आता नियम एवढाच की पूर्ण शब्द बघायचा, पुस्तकावर हात ठेवायचा, लिहायचा, मग ताडून बघायचा. सगळा फरक त्या हात ठेवण्याने पडला.

ऑक्टोबरमध्ये आम्ही दादरहून परतत होतो. गाडी शीवला थांबली. फलाटावरची पाटी वाचून तिने शीव म्हणजे काय विचारलं. गावाची हद्द, मी म्हटलं. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, मग 'शिवेवर' लिहिताना शि पहिली ना? मूल-मुलाला, वीट-विटेला, तसं." मी तिला उपान्त्य (शेवटून दुसरं अक्षर), सामान्यरूप (प्रत्यय लागताना शब्दाचं होणारं रूप) असे शब्द कधी सांगितलेच नव्हते. नियम तिने स्वतःच उतरवलेल्या ओळींतून उचलला होता. मग मशीद बंदरचं 'मशिदीत' तिनेच पुढे जोडलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

अर्थात लगेच पुढच्या आठवड्यात 'गितात' आलं. गीत संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, त्यामुळे 'गीतात' दीर्घच राहतं, तसंच 'जीवाला'. असे शब्द आम्ही वहीच्या मागच्या पानावर वेगळे लिहितो. नियम सांगायचा तो असा, शब्द हाताखालून गेल्यावर. आधी सांगितलेला नियम तिच्याकडे कधी टिकला नाही.

एक सावधगिरी मात्र सांगते. डिसेंबरमध्ये मी हौसेने माझ्या आजोबांच्या कपाटातल्या जुन्या पुस्तकातला उतारा दिला. भाषा सुंदर, पण त्यात 'नांव', 'पांच', 'नाहीं', 'कांहीं'. तिने इमानदारीने सगळे अनुस्वार उतरवले आणि पुढचे पंधरा दिवस जिथे तिथे टिंबं दिली. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनी हे न उच्चारले जाणारे अनुस्वार गेले, हे तिला समजावून सांगितलं, पण डोळ्यांत बसलेलं चित्र पुसायला वेळ लागलाच. लहान मुलांना अनुलेखनाला जुनी आवृत्ती देऊ नका. आम्ही आता बालभारतीच्या पुस्तकांतले उतारे घेतो, आणि दर पंधरा दिवसांनी एक तिच्या आवडीचा, बहुतेक वेळा प्राण्यांवरचा.

उणीवही खरी आहे. श्रुतलेखनात जूनमध्ये पंधरा-सोळा चुका व्हायच्या, आता तीन-चार होतात. पण डायरीत, मनातलं भराभर लिहिताना, 'आणी' अजून डोकावतो. तो मी तिथे दुरुस्त करत नाही, डायरी तिची आहे. त्या आठवड्यातल्या उताऱ्यात मात्र 'आणि' असलेली वाक्यं मुद्दाम शोधून ठेवते. 'परीक्षा' आणि 'परिणाम' अजून अडतात. खरं सांगायचं तर मलाही थांबून आठवावं लागतं, म्हणून आता शुक्रवारी उतारा तयार करताना मीही एकदा हात ठेवून लिहून बघते.

खर्च म्हणाल तर आठ महिन्यांत शंभरपानी दुरेघी वह्या तीन आणि झाकायला पांढऱ्या चिकटपट्ट्या. पहिल्या वहीत पानापानावर पट्ट्या आहेत. तिसरीत परवा शोधल्या तर सलग चार पानांवर एकही नव्हती. ती मोजून मोजून मला दाखवत होती.