साबणाचं पाणी परत वापरणारी जुनी मशीन आणि आजची निवड

पाणी एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर मागवावा लागतो, आणि कपडे धुण्याचं मशीन घ्यायचंय. अशा घराने सेमी-ऑटोमॅटिक घ्यावं की फ्रंट लोड? ठरवण्याआधी परदेशातली दोन जुनी मशीन समजून घ्यावीत, असं मला मनापासून वाटतं. वापरलेलं साबणाचं पाणी पुन्हा वापरायची सोय त्यांच्यात मुळातच होती.

पहिलं अमेरिकेतलं 'सड्स सेव्हर'. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे टॉप लोड ऑटोमॅटिक मशीन घरोघरी पोचली. त्याआधीच्या, रोलरमधून कपडे पिळायच्या मशीनमध्ये एकाच पाण्यात तीन-चार खेपा निघत. ऑटोमॅटिक मात्र दर खेपेला गरम पाणी आणि साबण गटारात सोडी. व्हर्लपूल, केनमोर, मेटॅग यांच्या काही मॉडेलांत यावर उपाय होता. पाणी बाहेर सोडायच्या दोन नळ्या असत. साबणाचं पाणी एका नळीने शेजारच्या बूच लावलेल्या कुंडीत साठे, विसळलेलं पाणी दुसरीने गटारात जाई. पुढच्या खेपेला डायल फिरवला की पंप कुंडीतलं पाणी परत ओढून घेई. तळाचा गाळ आणि थोडं पाणी कुंडीतच राही. वरून थोडं गरम पाणी, थोडा साबण घालायचा. क्रम ठरलेला: आधी पांढरे कपडे, मग रंगीत, शेवटी कामाचे मळके.

आता हिशेब मांडू. तशा टॉप लोडला एका खेपेला साधारण 150 लिटर पाणी लागे, त्यातलं धुण्याचं 60-65. म्हणजे तीन खेपांना 450 लिटर. साबणाचं पाणी दोनदा परत वापरलं तर सव्वाशे लिटरच्या आसपास वाचत, तरीही सव्वातीनशे जातच. खरी बचत गरम पाण्याची आणि साबणाची होती. विसळण्यात जाणारं पाणी या युक्तीने वाचत नव्हतं, आणि निवड करताना नेमकं तेच पाहायला हवं.

दुसरं ब्रिटनचं हूवरमॅटिक. वेल्समधल्या मर्थिर टिडफिलच्या कारखान्यात बनणारं हे दोन टबांचं मशीन. एका टबात धुवायचं, चिमट्याने गरम कपडे उचलून शेजारच्या स्पिनरमध्ये टाकायचे. स्पिनरने पिळून काढलेलं साबणाचं पाणी पुन्हा धुण्याच्या टबात जाई, त्यामुळे वेगळी कुंडी लागत नसे. मेहनत जास्त, पण कोणतं पाणी कधी सोडायचं हे धुणाऱ्याच्या हातात.

आपलं सेमी-ऑटोमॅटिक याच दोन टबांच्या घराण्यातलं. ड्रेनचा नॉब फिरवेपर्यंत टबातलं पाणी तिथेच राहतं. ड्रायरचं पाणी मात्र सहसा बाहेरच्या पाइपने जातं, ते पसरट टबात धरून परत ओता. आणि एक खेप पूर्ण करून दुसरी लावू नका. सगळ्या खेपा आधी त्याच साबणाच्या पाण्यात काढा, ड्रायरमधून पिळून बाजूला ठेवा, मग सगळ्या विसळायला घ्या. टब 50 लिटरचा धरला तर एकदा साबणाचं, दोनदा विसळायचं, असं दीडशे लिटर आणि वरची भर एवढ्यात तीन खेपा होतात. नळ चालू ठेवून वाहत्या पाण्यात विसळलं तर हा सगळा फायदा गेला. लहान बाळाचे लंगोट आणि आजारी माणसाचे कपडे या साखळीत घालू नका. साबणाचं पाणी रात्रभर ठेवलं तर वास मारतं, तेही टाळा.

फ्रंट लोड पाणी साठवत नाही, मुळात घेतंच कमी. आडव्या ड्रममध्ये कपडे वर जातात आणि तळाच्या थोड्या पाण्यात आपटतात. ही कल्पनाही जुनी आहे: अमेरिकेत 1937 साली आलेलं बेंडिक्सचं घरगुती ऑटोमॅटिक असंच समोरून उघडणारं होतं. आजचं सात किलोचं मशीन खेपेला 50-60 लिटर घेतं, म्हणजे तीन खेपांना 150 ते 180.

आकडे जवळजवळ सारखेच येतात. म्हणून माझं मत असं: नळाला दाब आहे, वीज टिकते आणि धुण्यापाशी उभं राहायला कुणी नाही, तर फ्रंट लोड घ्या. पाणी पिंपातून बादलीने ओतावं लागतं आणि आठवड्याचं धुणं एकदम निघतं, तर सेमी-ऑटोमॅटिक. साधं टॉप लोड ऑटोमॅटिक मात्र टँकरच्या घरात मी सुचवणार नाही, कारण ते दर खेपेला टब भरून घेतं आणि साबणाचं पाणी आपणहून सोडून देतं.