४८ तासांची हमी

ठाण्यात किंवा नवी मुंबईत राहणारे जे कोणी सध्या दुकानातून कुत्र्याचे पिल्लू विकत घेण्याच्या विचारात असतील, त्यांनी पैसे देण्यापूर्वी हा अनुभव वाचावा, एवढ्याचसाठी तो लिहीत आहे. आमची तक्रार ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे दुकानाचे नाव येथे देत नाही. नाव दिले असते तरी फारसा उपयोग झाला नसता, कारण आमच्या बाबतीत जे घडले ते कोणत्याही दुकानात याच पद्धतीने घडू शकते.

आम्ही घोडबंदर रस्त्यावर मानपाड्याजवळ राहतो. अकरा वर्षांचा मुलगा दोन वर्षांपासून कुत्रा हवा म्हणून मागे लागला होता, आणि परीक्षा संपल्यावर आणू असे त्याला कबूल केले होते. एका शनिवारी संध्याकाळी आम्ही ठाण्यातल्या एका दुकानात गेलो. माशांच्या टाक्या, पक्ष्यांचे पिंजरे आणि त्यांच्या शेजारी काचेच्या कपाटात कागदाच्या कपट्यांवर झोपलेली पिल्ले, असे ते दुकान होते. त्यातले बीगल जातीचे एक पिल्लू मुलाने बोट लावताच काचेजवळ आले आणि तिथेच आमचा निर्णय झाला. "साठ दिवसांचं आहे, मॅडम. पहिलं इंजेक्शन झालंय. विदाउट पेपर अठरा हजार, विथ पेपर बावीस. पेपर पंधरा दिवसांत घरपोच येतील," असे दुकानदाराने सांगितले. पेपर म्हणजे पिल्लू जातिवंत असल्याचे प्रमाणपत्र. दहा हजार रुपये यूपीआयने आणि बारा हजार रोख, असे बावीस हजार आम्ही दिले. यूपीआयचे खाते दुकानाच्या नावाचे नसून कुणा व्यक्तीचे होते, आणि पावतीवर पिल्लाचा उल्लेखच नव्हता. 'पेट फूड व अ‍ॅक्सेसरीज' असे लिहून खाली शिक्का मारला होता: आरोग्याची हमी ४८ तास. ही हमी वाचून मला त्या वेळी चक्क बरे वाटले होते. निदान हमी तरी देतात, असा विचार मनात आला, हे आज आठवले की फार वाईट वाटते.

घरी आल्यावर सासूबाईंनी पिल्लाला मांडीवर घेतले. त्यांचे बालपण सातारा जिल्ह्यातल्या एका गावात गेले असून घरी कायम कुत्री असत. त्यांनी पिल्लाचे पोट चाचपले, तोंड उघडून पाहिले आणि म्हणाल्या, "अगं, हे अजून आईच्या अंगाखालचं आहे. याची आई कुठं असते?" माझ्याजवळ उत्तर नव्हते. दुकानात आम्ही अन्न, अंघोळ, शी-शू, लसीकरण यांबद्दल पंधरा-वीस प्रश्न विचारले होते. हा एक प्रश्न आमच्यापैकी कुणाच्याही मनात आला नव्हता.

सोमवारी पिल्लाला, म्हणजे चिकूला, पशुवैद्यांकडे नेले. दुधाचे सर्व अठ्ठावीस दात पिल्लाला साधारण आठ आठवड्यांपर्यंत येतात. चिकूचे सुळे आले होते, पण मागचे दात हिरडीतून जेमतेम वर येत होते. दात, वजन आणि चाल पाहून डॉक्टरांनी त्याचे वय पाच आठवड्यांच्या आसपास असल्याचे सांगितले. मग त्यांनी लसीकरणाची पुस्तिका उघडली. तिच्यात लशीच्या बाटलीवरचे स्टिकर चिकटवलेले होते, पण लस टोचणाऱ्या पशुवैद्याची सही अस्पष्ट होती आणि नोंदणी क्रमांक कुठेच नव्हता. लस दिल्याची जी तारीख लिहिली होती ती खरी धरली, तर त्या दिवशी चिकू जेमतेम तीन आठवड्यांचा असणार होता, आणि त्या वयात ही लस देतच नाहीत. म्हणजे वय खोटे होते किंवा लस खोटी होती, आणि बहुधा दोन्ही खोटे होते.

बुधवारी दुपारी त्याने पहिली उलटी केली. दुकानात फोन केला तेव्हा "मॅडम, घाबरू नका, जागा बदलल्याचा स्ट्रेस असतो, दहीभात द्या," असे उत्तर मिळाले. त्याच रात्री रक्ताचे जुलाब सुरू झाले. शौचाच्या नमुन्यावरून केलेल्या तपासणीत पार्व्होचे, म्हणजे पिल्लांना होणाऱ्या जीवघेण्या विषाणूजन्य आजाराचे, निदान दहा मिनिटांत झाले. या विषाणूवर थेट असे औषध नाही. सलाईन, उलटी थांबवणारी इंजेक्शने आणि जंतुसंसर्ग टाळणारी प्रतिजैविके देऊन शरीराला तग धरायला मदत करणे, एवढेच डॉक्टरांच्या हाती असते. चार दिवस रोज सकाळ-संध्याकाळ आम्ही त्याला सलाईनसाठी नेत होतो. पुढच्या पायाला लावलेल्या सुईवरची पट्टी तो चाटू नये म्हणून मुलगा त्याचे डोके हातात धरून बसत असे. सोमवारी पहाटे चिकू गेला. उपचारांचा खर्च एकतीस हजारांच्या वर झाला होता, पण त्याबद्दल मला तक्रार नाही. डॉक्टरांनी प्रयत्नांत कसूर केली नाही.

आता त्या ४८ तासांच्या हमीबद्दल जरा सविस्तर लिहिते, कारण फसवणुकीचे मर्म मला त्यातच दिसते. पार्व्होचा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस जातात, कधी त्याहूनही अधिक. चिकू चौथ्या दिवशी आजारी पडला, म्हणजे तो आजार दुकानातून किंवा त्याही आधीच्या ठिकाणाहून घेऊन आला असण्याची शक्यता सर्वाधिक होती. ज्या आजाराने दुकानातली पिल्ले सर्रास दगावतात तो दिसू लागण्यापूर्वीच हमी संपते. बारा-पंधरा दिवसांची हमी देणारे दुकान आजारी पिल्लू विकू शकणार नाही. ४८ तासांची हमी देणाऱ्याला ते निर्धास्त विकता येते, आणि वर गिऱ्हाइकाला विश्वासही वाटतो. ही मुदत अज्ञानातून ठरली असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

पैसे परत मागितल्यावर दुकानदार भांडला नाही, हे मुद्दाम सांगायला हवे. तो अत्यंत मृदू आवाजात म्हणाला, "हमी संपलीय, पण तुमचं नुकसान नको. पिल्लू बदलून देतो. पुढच्या आठवड्यात नवीन लॉट येतोय." आणि मी क्षणभर मोहात पडले. घरात मुलगा जेवत नव्हता, आणि फोनवर एक माणूस तसेच दुसरे पिल्लू फुकट देऊ करत होता. डॉक्टरांनी ठामपणे नको म्हटले, कारण पार्व्होचा विषाणू जमिनीवर, चादरीत, चपलांच्या तळव्यांवर कित्येक महिने टिकू शकतो, नेहमीच्या फिनेलने तो मरत नाही, त्यासाठी पाण्यात मिसळलेले ब्लीच वापरावे लागते, आणि लसीकरण पूर्ण न झालेले पिल्लू त्या घरात आणणे म्हणजे त्याला त्याच आजाराच्या तोंडी देणे होय. दुकानदाराला हे माहीत नसेल असे मला वाटत नाही. मात्र माझ्या मनात रुतून बसला तो त्याचा 'लॉट' हा शब्द.

त्या शब्दामुळे सासूबाईंचा प्रश्न मी प्रथमच दुकानदाराला विचारला. चिकूची आई कुठे आहे, मला तिला पाहायचे आहे, असे म्हटल्यावर तो आधी बदलापूरच्या एका फार्मबद्दल बोलला. दोन दिवसांनी पुन्हा विचारले तेव्हा पिल्ले पुण्याहून आल्याचे सांगितले. तिसऱ्यांदा फोन उचलला नाही. कुत्री साधारण दर सहा महिन्यांनी माजावर येते आणि सुमारे ६३ दिवस गाभण असते. २०१७ च्या कुत्र्यांचे प्रजनन व विक्रीविषयक नियमांनुसार अठरा महिन्यांपेक्षा लहान कुत्रीपासून पिल्ले घेता येत नाहीत, लागोपाठच्या दोन माजांना तिला गाभण करता येत नाही आणि आयुष्यभरात पाचपेक्षा अधिक वेते घेता येत नाहीत. हे नियम पाळले जातात की नाही हे त्या कुत्रीला पाहिल्याशिवाय गिऱ्हाइकाला कळण्याचा मार्ग नाही, आणि दुकान म्हणजे नेमकी तीच अशी जागा आहे जिथे आई कधीच नसते. चिकूच्या आईपासून तिचे पिल्लू पाच आठवड्यांच्या आत काढून घेतले गेले. त्या व्यवहारातले बावीस हजार माझे होते. मी फसवली गेले हे खरे, पण माझ्या पैशांनी पुढच्या 'लॉट'ची सोय झाली हेही तितकेच खरे आहे, आणि ते मी नाकारू शकत नाही.

कायदा या बाबतीत मुका नाही. २०१७ चे नियम आणि २०१८ चे पेट शॉप नियम या दोन्हींनुसार आठ आठवड्यांखालील पिल्लू विकणे बेकायदा आहे, आणि दुकानदार व ब्रीडर (कुत्र्यांची पैदास करणारा) या दोघांनाही राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ते प्रमाणपत्र दाखवा म्हणावे. टाळाटाळ झाली तर तिथूनच परत फिरावे. 'पेपर' म्हणून जे विकले जाते ते जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या केनेल क्लब ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र पिल्लाच्या कातडीखाली बसवलेल्या मायक्रोचिपच्या पंधरा अंकी क्रमांकाशी जोडलेले असते. चिकूच्या अंगात चिपच नव्हती, म्हणजे पेपरासाठी घेतलेले चार हजारही निव्वळ लबाडीचे होते. आम्ही आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि नंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे गेलो. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला शुल्क नाही आणि घटनेपासून दोन वर्षांपर्यंत ती करता येते. आमची बाजू पावतीपाशी लंगडी पडते, कारण तिच्यावर 'पेट फूड' लिहिलेले आहे. तरी वयाविषयी डॉक्टरांनी लिहून दिलेले पत्र आणि फोनवरचे संदेश जपून ठेवले आहेत. म्हणून पावतीवर पिल्लाची जात, वय आणि चिप क्रमांक लिहून घेतल्याखेरीज एक रुपयाही देऊ नये.

विशिष्ट जातीचा कुत्रा हवा असणे हा गुन्हा आहे असे मी म्हणणार नाही. पण ज्याला तो हवाच आहे त्याने ब्रीडरच्या घरी जावे, पिल्लू आईजवळ असताना पाहावे, आईची तब्येत पाहावी, आणि आई दाखवायला नकार मिळाला तर विषय तिथेच संपवावा. दुकानाच्या बाबतीत माझे मत आता पक्के झाले आहे: तिथून पिल्लू घेऊ नये, कितीही चांगले दुकान असले तरी घेऊ नये. हौस फिटल्यावर सोडून दिलेले लॅब्रेडोर आणि पग निवाऱ्यांमध्ये घराची वाट पाहत असतात. मात्र दत्तक घेण्याच्या नावाखालीही लूट चालते, तिच्यापासूनही सावध राहावे. चिकू गेल्यानंतर मला 'गोल्डन रिट्रीव्हर मोफत दत्तक, फक्त वाहतूक खर्च' असा संदेश आला होता. आधी साडेतीन हजार भरा, मग कुत्रा पाठवतो, अशी त्यात अट होती. न पाहिलेल्या कुत्र्यासाठी आगाऊ पैसे मागणारा माणूस कुत्रा देत नसतो. असे पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर तत्काळ कळवावे.

आम्ही सहा महिने थांबलो, आणि नंतर वर्तकनगरमध्ये रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालणाऱ्या एका बाईंकडून साधारण चार वर्षांची, लसीकरण पूर्ण झालेली गावठी कुत्री दत्तक घेतली. नसबंदी झाल्याची खूण म्हणून तिच्या कानाला खाच आहे. त्या बाई आधी आमच्या घरी येऊन गेल्या, खिडक्यांना जाळ्या आहेत का, दिवसा घरी कोण असते, आम्ही गावी गेल्यावर तिचे काय, हे सगळे त्यांनी विचारले आणि एक रुपयाही घेतला नाही. सासूबाईंनी कुत्रीच्या पोटावरून हात फिरवला आणि ती आधी व्यालेली आहे हे ओळखले. "हिची पिल्लं कुठं असतील?" असे त्यांनी विचारले. बाईंना ते ठाऊक होते. चार होती, दोन कळव्यातल्या एकाच घरी आहेत, एक ऐरोलीला आहे, आणि एक पावसाळ्यात रिक्षाखाली गेले.