गोळीबार सुरू असताना बंब आणि रुग्णवाहिका कुठे थांबवायच्या? कोकणातल्या गावांसाठी तीन पद्धतींची तुलना

दर मे महिन्यात मान्सूनपूर्व बैठका होतात. पूर, दरड, वादळ, बुडालेल्या होड्या यांची उजळणी होते आणि त्यासाठी कोण कुठे उभं राहणार हे निदान कागदावर तरी ठरलेलं असतं. पण बंदूकधारी माणूस जेटीवर, देवळाच्या रांगेत किंवा शाळेत शिरला, तर पोलीस, अग्निशमन दल आणि १०८ च्या रुग्णवाहिका यांनी कुठल्या क्रमाने पुढे जायचं? नगर परिषदेचे मुख्याधिकारी, देवस्थानाचे विश्वस्त, पोलीस ठाण्याचे प्रभारी किंवा मोठ्या रिसॉर्टचे व्यवस्थापक म्हणून हे ठरवणं तुमच्याकडे आलं असेल, तर निवड साधारण तीन पद्धतींमधून करायची आहे.

हा विषय आपल्याकडचा नाही असं म्हणता येत नाही. १९९३ च्या मुंबई स्फोटांची शस्त्रं आणि स्फोटकं रायगडच्या दिघी-शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरली होती. २६ नोव्हेंबर २००८ चे दहा हल्लेखोर समुद्रातूनच आले. ऑगस्ट २०२२ मध्ये हरिहरेश्वरला तीन एके-४७ असलेली बोट वाहत आली. ती भरकटलेली निघाली, घातपाताचा संबंध आढळला नाही, पण त्या दिवशी सगळा जिल्हा खडबडून जागा झाला होता. ३१ जुलै २०२३ च्या पहाटे जयपूर-मुंबई एक्सप्रेस पालघर जिल्ह्यातून येत असताना रेल्वे सुरक्षा दलाच्याच एका जवानाने चौघांना गोळ्या घातल्या. म्हणजे हल्लेखोर बाहेरूनच येईल, हेही गृहीत धरता येत नाही.

पहिली पद्धत: पोलीस ‘सगळं मोकळं’ म्हणेपर्यंत बाकीच्यांनी थांबायचं

ही जुनी, सरळ आणि समजायला सोपी पद्धत. पोलीस आत जातात, हल्लेखोराचा बंदोबस्त करतात, खोल्या तपासतात आणि मग बंब व रुग्णवाहिका पुढे येतात. फायरमनकडे ना बंदूक असते ना बुलेटप्रूफ जॅकेट. त्याला गोळ्यांच्या तोंडी द्यायचं नाही हा विचार चुकीचा म्हणता येणार नाही. वेगळं प्रशिक्षण लागत नाही, सामान लागत नाही.

अडचण वेळेची आहे. मोठी रक्तवाहिनी फुटली तर माणूस काही मिनिटांत जातो. अमेरिकेत कोलंबाइन शाळेत २० एप्रिल १९९९ रोजी हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोर सुमारे पाऊण तासात मरून पडले होते. पोलिसांना ते कळलं नव्हतं, म्हणून एकेक खोली तपासणं चालू राहिलं. गोळ्या लागलेले एक शिक्षक विद्यार्थ्यांसोबत वर्गात अडकले होते. त्यांच्यापर्यंत मदत पोचायला तीन तासांहून जास्त वेळ लागला आणि ते वाचले नाहीत.

इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं उदाहरण मला जास्त छळतं. २२ मे २०१७ च्या रात्री तिथे संगीत कार्यक्रमाच्या ठिकाणी बॉम्बस्फोट झाला आणि शस्त्रधारी साथीदारही फिरत असतील असा संशय होता. अग्निशमन केंद्र मैलभराच्या आत होतं, जवानांनी स्फोटाचा आवाज ऐकला होता. त्यांना दूरच्या केंद्रावर जमायला सांगितलं गेलं आणि घटनास्थळी ते दोन तासांनंतर पोचले. जबाबदार पोलीस अधिकाऱ्याचा फोन लागत नव्हता. स्फोट झाला त्या दालनात त्या रात्री तीनच पॅरामेडिक गेले. मृतांचा आकडा २२. त्यांतला एक जण वेळेवर उपचार मिळाले असते तर बहुधा वाचला असता, असा निष्कर्ष सार्वजनिक चौकशीने काढला.

आता हे कोकणात आणून बघा. ‘सगळं मोकळं’ कोण म्हणणार? जिल्ह्याचं शीघ्र कृती दल मुख्यालयातून निघणार आणि फोर्स वन हे राज्य पोलिसांचं दहशतवादविरोधी पथक मुंबईतून. रत्नागिरी मुंबईपासून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास आहे, सावंतवाडी त्याहून पुढे. २६/११ ला प्रत्यक्ष मुंबईतसुद्धा एनएसजीचे (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलाचे) कमांडो पोचेपर्यंत रात्र उलटली होती आणि शेवटचा हल्लेखोर संपायला २९ ची सकाळ उजाडली. इतका वेळ थांबणं म्हणजे आत पडलेल्यांना सोडून देणं.

शिवाय हल्लेखोराने आग लावली तर थांबताच येत नाही. ताजमध्ये तेच झालं. आतून गोळीबार चालू असताना मुंबई अग्निशमन दलाच्या जवानांनी शिड्या लावून खिडक्यांमधून पाहुण्यांना खाली उतरवलं. त्या जवानांनी जे केलं ते ठरवून, सरावाने आणि पोलिसांच्या आडोशाने करता यावं, एवढीच या सगळ्या चर्चेची अपेक्षा आहे.

दुसरी पद्धत: पोलिसांच्या कड्यात बचाव पथक आत

कोलंबाइननंतर अमेरिकी पोलिसांनी खास पथकाची वाट न पाहता पहिल्या पोचलेल्यांनीच हल्लेखोराकडे जायचं, असं ठरवलं. पुढची पायरी व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टन काउंटीच्या अग्निशमन दलाने गाठली. त्यांनी ‘रेस्क्यू टास्क फोर्स’ ही रचना बसवली. गोळीबारातल्या जखमींचा रक्तस्राव लवकर थांबवण्यावर भर देणाऱ्या २०१३ च्या हार्टफर्ड सहमतीने वैद्यकीय बाजूने तिला बळ दिलं आणि २०१८ मध्ये अशा हल्ल्यांच्या तयारीसाठी एनएफपीए ३००० हे अमेरिकी मानक आलं.

यात जागेचे तीन पट्टे कल्पायचे. हल्लेखोर जिथे असण्याची शक्यता आहे तो लाल, तिथे फक्त सशस्त्र पोलीस. जिथून पोलीस पुढे सरकले आहेत, थेट गोळीचा धोका नाही पण पूर्ण तपासणीही झालेली नाही, तो पिवळा. बाहेरचा सुरक्षित तो हिरवा. पोलिसांची पहिली तुकडी हल्लेखोरामागे जाते. दुसरी तुकडी दोन वैद्यकीय कर्मचाऱ्यांना मध्ये घेऊन पिवळ्या पट्ट्यात शिरते. आत उपचार असा करायचाच नाही. वाहतं रक्त बांधायचं, श्वास मोकळा आहे ना ते बघायचं आणि माणूस बाहेर काढायचा. नोव्हेंबर २०१५ मध्ये पॅरिसच्या बाताक्लाँ नाट्यगृहात पोलिसांच्या विशेष पथकांचे स्वतःचे डॉक्टर असेच आत गेले होते.

तिन्हींत ही पद्धत सगळ्यात चांगली आहे, यात मला शंका नाही. पण अमेरिकी आराखडा उचलून आपल्या आराखड्यात चिकटवला तर तो चालणार नाही. तिथे अनेक शहरांत अग्निशमन दलाचा जवान वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेला असतो आणि रुग्णवाहिकाही त्याच दलाची असते. पोलीस आणि फायर एवढं जुळवलं की काम होतं. आपल्याकडे अग्निशमन नगर परिषदेचं, पोलीस गृहखात्याचे, १०८ आरोग्य खात्याची पण चालवणारा ठेकेदार. तिघांचे वरिष्ठ वेगळे, तिघांचे वायरलेस किंवा फोन वेगळे. १०८ वरच्या डॉक्टरला पिवळ्या पट्ट्यात पाठवायचं तर त्याची संमती, विमा, जॅकेट-हेल्मेट आणि पोलिसांबरोबर सराव, हे सगळं आधी व्हायला हवं. त्यात रात्रपाळीला ठाण्यात मोजकी माणसं असतात. चार जण वैद्यकीय पथकाभोवती लावले, तर हल्लेखोरामागे कोण जाणार?

तिसरी पद्धत: पोलिसांनीच जखमींना ओढून जवळच्या ठिकाणी आणायचं

इथे फायर आणि १०८ आत जात नाहीत, पण लांबही थांबत नाहीत. पक्क्या भिंतीच्या आडोशाला, गोळीच्या रेषेबाहेर एक जागा ठरते. पोलीस जखमींना तिथवर आणतात, पुढचं काम बाकीच्यांचं. कोलोरॅडोतल्या ऑरोरा इथे २० जुलै २०१२ रोजी चित्रपटगृहात १२ जण मारले गेले, तेव्हा पोलिसांच्या गाड्यांनी आणि गर्दीने वाट इतकी अडली होती की रुग्णवाहिका पुढे येऊ शकल्या नाहीत. पोलिसांनी जखमींना आपल्याच गाड्यांत घालून रुग्णालय गाठलं. फिलाडेल्फियात तर गोळी लागलेल्याला पोलिसांनी गाडीत घालून नेणं ही कित्येक वर्षांची रीत आहे.

फिलाडेल्फियात ते जमतं, कारण मोठी ट्रॉमा रुग्णालयं हाकेच्या अंतरावर आहेत. आपल्याकडे पोलिसांची जीप जखमीला घेऊन ग्रामीण रुग्णालयात गेली आणि तिथे शस्त्रक्रियेची सोय नसली की पुन्हा दुसरी गाडी, पुन्हा प्रवास. सिंधुदुर्गातल्या लोकांना गोव्यातल्या बांबोळीच्या रुग्णालयाची वाट माहीत आहे, रत्नागिरीकरांना आंबा घाटातून कोल्हापूरची. म्हणून पोलिसांनी आडोशाच्या जागेपर्यंतच आणावं आणि कुठला जखमी कुठे जाणार हे १०८ च्या डॉक्टरने ठरवावं. तो दुवा तुटला तर तिसऱ्या पद्धतीचा निम्मा फायदा रस्त्यातच संपतो.

या पद्धतीत पोलिसांचं लक्ष विभागलं जातं, हा तिचा खरा तोटा आहे. पहिल्या आलेल्यांनी जखमींपाशी थांबायचं नाही, थेट हल्लेखोराकडे जायचं. ओढून आणण्याचं काम मागून आलेल्यांनी करायचं, हे प्रत्येक शिपायाला सरावातून पक्कं माहीत हवं. विव्हळणाऱ्या माणसाला ओलांडून पुढे जाणं फार अवघड असतं. सराव नसेल तर कोणाचेही पाय तिथेच अडतील.

खर्च मात्र तिन्ही पद्धतींत सगळ्यात कमी उपयोगी निकष आहे. टूर्निकेट (रक्त थांबवायला हातापायावर आवळायचा पट्टा) आणि दाबपट्ट्या यांची किंमत कुठल्याही ठाण्याला परवडते, आणि त्या प्रत्येक शिपायाच्या पट्ट्याला असाव्यात असं मी आग्रहाने म्हणेन.

मग कुणी काय घ्यावं

तालुक्याच्या गावासाठी माझं मत स्पष्ट आहे. तिसरी पद्धत किमान पातळी म्हणून सगळीकडे लागू करावी. रत्नागिरी, अलिबाग, पनवेल यांसारख्या ठिकाणी जिथे मनुष्यबळ बरं आहे, तिथे दुसरीची एक तुकडी तयार करावी आणि ती जिल्ह्यात इतरत्रही जाऊ शकेल असं ठरवावं. पहिली पद्धत आराखड्यात लिहिलेली असेल तर ती काढावी. परिस्थितीमुळे कधी थांबावं लागेल, पण थांबणं हा नियम नसावा.

पद्धत कुठलीही घ्या, हुकूम एका जागेवरून सुटला नाही तर ती कोसळते. टेक्सासच्या युवाल्डी गावातल्या शाळेत २४ मे २०२२ रोजी पावणेचारशेच्या आसपास पोलीस जमले होते, पण प्रमुख कोण हेच ठरलेलं नव्हतं. हल्लेखोरापर्यंत पोचायला ७७ मिनिटं लागली. १९ मुलं आणि दोन शिक्षिका गेल्या. वर्गाच्या दाराची किल्ली शोधण्यात वेळ गेला आणि ते दार बहुधा कुलूपबंद नव्हतंच, असं नंतरच्या चौकशीत निघालं.

आपल्याकडे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१० मध्येच ‘इन्सिडंट रिस्पॉन्स सिस्टिम’ची मार्गदर्शक तत्त्वं दिली आहेत आणि जिल्ह्याची जबाबदारी जिल्हाधिकाऱ्यांवर आहे. पण पहिल्या अर्ध्या तासात जिल्हाधिकारी घटनास्थळी नसतात. तेव्हा नेतृत्व तिथल्या ज्येष्ठ पोलीस अधिकाऱ्याचं, आणि फायरचा प्रमुख व १०८ चा डॉक्टर त्याच्या शेजारी प्रत्यक्ष उभे. फोनवर नाही. मँचेस्टरला फोनच लागला नव्हता, आणि आपल्या घाटाखालच्या वाड्यांत नेटवर्कचा भरवसा कुणाला आहे? सगळ्यांचे वायरलेस एकाच चॅनेलवर येईपर्यंत तोडगा सोपा आहे: पोलिसांचा एक वायरलेस शिपाई बंबावर बसवा.

फायरच्या माणसांना फक्त आग आणि जखमी यांच्यापुरतं बोलावू नका. गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह कुठे, मागचा जिना कुठे उतरतो, खिडकीचं ग्रिल किती वेळात कापता येईल, हे त्यांना पोलिसांपेक्षा चांगलं कळतं. त्यांची कटरं आणि पहारी पोलिसांच्या हाती वेळेत पडल्या तर किल्ली शोधत बसावं लागत नाही.

वाटेचा प्रश्न कोकणात वेगळाच आहे. दोन्ही बाजूंना जांभ्याचे गडगे, मध्ये एकच गाडी जाईल एवढी बोळ, पुढे पाखाडी. पहिल्या दोन जीप आडव्या लागल्या की मागचा बंब अडकला आणि आतली रुग्णवाहिकाही. गाडी एका कडेला लावायची, किल्ली गाडीतच ठेवायची आणि बाहेर पडायची एक वाट कुणीही अडवायची नाही, हे नाकाबंदीच्या सूचनांमध्ये लिहून ठेवा. जिथे गाडी जातच नाही तिथे डोलीवाले, होडीवाले, दुकानदार हेच पहिले मदतनीस असतात. २२ एप्रिल २०२५ ला पहलगामजवळच्या बैसरनमध्ये २६ जणांना मारलं गेलं. तिथवर मोटारीचा रस्ता नाही. जखमींना खाली आणण्यात घोडेवाले आणि स्थानिक लोक पुढे होते.

जंजिरा आणि सिंधुदुर्ग किल्ल्यांसाठी तर वेगळं पानच हवं. २२ जुलै २०११ रोजी नॉर्वेच्या उटोया बेटावर ६९ जण मारले गेले. तिथे पोलिसांची बोट सामान आणि माणसांनी इतकी भरली की तिचं इंजिन बंद पडलं आणि पथकाला खाजगी बोटींत चढावं लागलं. त्याच वेळी किनाऱ्यावरचे सुट्टीवर आलेले लोक स्वतःच्या होड्यांतून पाण्यात उड्या टाकलेल्या मुलांना उचलत होते. राजपुरीच्या आणि मालवणच्या होडीवाल्यांना पाणी, वारा, खडक पाठ आहेत. त्यांना गोळीच्या टप्प्यात पाठवायचं नाही, पण पाण्यातल्या माणसांना कुठून उचलायचं, कुठल्या जेटीवर आणायचं, पोलिसांसाठी कुठली होडी राखून ठेवायची, हे बंदर निरीक्षक आणि सागर रक्षक दलाच्या लोकांना बसवून आजच ठरवता येतं.

किनारी सुरक्षेचा ‘सागर कवच’ सराव होतो तेव्हा नौदल, तटरक्षक दल आणि सागरी पोलीस उतरतात. पुढच्या सरावाच्या वेळी नगर परिषदेचा बंब आणि १०८ ची एक गाडीही मागून घ्या. ठिकाण म्हणून तुमचं देऊळ, जेटी किंवा शाळा सुचवा. ठरवलेल्या आडोशाच्या जागेपर्यंत खोटा जखमी किती मिनिटांत येतो आणि तिथून रुग्णवाहिका किती मिनिटांत सुटते, हे दोन आकडे घड्याळ लावून टिपा. दुसरी पद्धत तुमच्या गावाला झेपेल की तिसरीवरच थांबावं लागेल, ते त्या आकड्यांवरून ठरवा.