तांब्याचे ग्रेन पडद्यावर ओढायचे असतील तर: ॲटॉम्स्क, लॅम्प्स आणि ओव्हिटो

संगणकात एकेक अणू मांडून धातू ओढून बघायचा, तर ही तिन्ही सॉफ्टवेअर एकत्रच तपासायला हवीत, कारण एकट्याने कुठलंच पुरत नाही. ॲटॉम्स्क ग्रेन (धातूतले बारीक स्फटिक-कण) बांधतं, अमेरिकेच्या सँडिया प्रयोगशाळेतून आलेलं लॅम्प्स ते ओढतं आणि आत काय सरकलं ते ओव्हिटो दाखवतं. पहिली दोन पूर्ण फुकट आहेत, ओव्हिटोची साधी आवृत्तीही. सांगलीच्या वालचंदमध्ये किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकीत प्रोजेक्ट करायचा तर परवान्यापायी एक रुपया लागत नाही. शिकण्यात जाणारे दिवस वेगळे.

सुरुवात तांब्याने करावी. जाळीचा स्थिरांक (अणूंच्या जाळीतल्या एका घराची बाजू) ३.६१५ अँगस्ट्रॉम, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाच्या मापात, २०० अँगस्ट्रॉमचा घन, आत कसेही फिरवलेले १२ ग्रेन. ॲटॉम्स्कला दोन ओळींची फाइल पुरते आणि पावणेसात लाखांच्या आसपास अणू तयार होतात. खोट एकच, पण मोठी. ग्रेन सुरीने कापून एकमेकांना टेकवल्यासारखे असतात, त्यामुळे सीमेवर काही अणू अक्षरशः एकमेकांच्या अंगावर बसतात. तांब्यात शेजारचा अणू २.५६ अँगस्ट्रॉमवर असतो, म्हणून २ अँगस्ट्रॉमपेक्षा जवळ आलेल्या जोडीतला एक काढून टाकावा. हे विसरलं की पहिल्या काही पायऱ्यांतच ऊर्जा उसळते आणि लॅम्प्स अणू हरवल्याची तक्रार करून थांबतं. विद्यार्थी मग टाइमस्टेप (एका पायरीचा वेळ) कमी करत बसतात. दोष टाइमस्टेपचा नसतोच.

पोटेन्शियल, म्हणजे अणूंमधल्या बळांचं सूत्र, निवडताना संशोधक मिशिन यांचं २००१ चं तांब्याचं ईएएम (धातूंसाठीचा पोटेन्शियलचा प्रकार) घ्यावं. त्यात स्टॅकिंग फॉल्टची (अणूंच्या थरांचा क्रम चुकल्याची) ऊर्जा प्रयोगातल्या ४५ मिलिजूल प्रति चौरस मीटरच्या जवळ येते. ती चुकली तर अर्धवट डिस्लोकेशनच्या (जाळीतल्या सरकणाऱ्या रेषादोषांच्या) जोड्या नको तितक्या फाकतात आणि पुढचं सगळं चित्र फसवं होतं.

ओढण्याआधी ऊर्जा किमान करा, मग शून्य दाबावर ६०० केल्विनला ५० पिकोसेकंद ठेवून ३०० वर आणा, म्हणजे सीमा बसतात. ओढताना फक्त एका दिशेने ताण द्या. आडव्या दोन दिशांवर शून्य दाब ठेवा. आडव्या बाजू बांधून ठेवल्या तर पॉयसनचं आकुंचन (ओढल्यावर आडवं बारीक होणं) होत नाही आणि ताण उगाच चढतो. ताणण्याचा दर सेकंदाला १० चा नववा घात घेतला, तर १० टक्के ताणायला १ फेम्टोसेकंदाच्या एक लाख पायऱ्या लागतात. आठ कोअरचं मशीन असेल तर रात्रभर चालू द्या. रीस्टार्ट फाइल दर दहा हजार पायऱ्यांनी लिहायला लावा. वीज गेली की किंमत कळते. अणूंची नोंद मात्र दर हजार पायऱ्यांनीच ठेवा, दर शंभरला ठेवली तर हार्डडिस्क भरते.

ओव्हिटो या त्रिकुटातलं सर्वांत देखणं. मूळ जाळी हिरवी, स्टॅकिंग फॉल्ट लाल, ग्रेन बाउंड्री (दोन ग्रेनमधली सीमा) पांढरी. लालचे दोन थर लागून दिसले तर फॉल्ट, एकच थर असेल तर ट्विन, म्हणजे आरशातल्यासारख्या उलटलेल्या जाळीची सीमा. डिस्लोकेशन बाउंड्रीतून निघतं, ग्रेन ओलांडतं आणि समोरच्या बाउंड्रीत जिरतं. डिस्लोकेशनसाठी फळ्यावर काढतात त्या उलट्या टी-चिन्हाने हे कधीच दिसलं नसतं.

आकड्यांवर मात्र विसंबू नका. वर्कशॉपमधलं यूटीएम (नमुना ओढून तोडणारं यंत्र) सेकंदाला जेमतेम १० चा उणे तिसरा घात एवढ्या दराने ओढतं, म्हणजे फरक बारा शून्यांचा. ग्रेनही ११ नॅनोमीटरचेच. म्हणून ताण दोन गिगापास्कलच्या घरात निघतो, तर अनील केलेलं (तापवून मऊ केलेलं) तांबं सव्वादोनशे मेगापास्कलला तुटतं. त्याच बॉक्समध्ये १२ ऐवजी ६४ ग्रेन घातले तर ते ६ नॅनोमीटरचे होतात आणि धातू मऊ पडतो. ग्रेन जितके बारीक तितका धातू बळकट, या हॉल–पेचच्या नियमाचं उलटं झालं म्हणून घाबरू नये. इतक्या बारीक ग्रेनमध्ये डिस्लोकेशनला जागाच उरत नाही, सीमाच घसरतात. बळकटीचं शिखर १० ते १५ नॅनोमीटरदरम्यान येतं, हे श्योट्झ आणि याकोबसेन यांनी २००३ मध्येच दाखवलं आहे.

कुपवाडच्या एमआयडीसीत तांब्याची पट्टी वाकवताना तडा जात असेल, तर त्याचं उत्तर या तिघांकडे नाही. तिथले ग्रेन ३० मायक्रॉनच्या घरातले, म्हणजे जवळपास तीन हजार पट मोठे. त्यासाठी नेपर या सॉफ्टवेअरने ग्रेन पाडून डामास्क या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये क्रिस्टल प्लॅस्टिसिटी (अणू न मोजता ग्रेनच्या पातळीवरचं गणित) चालवावी, आणि त्याआधी पट्टीचा एक तुकडा पॉलिश करून, एचिंग करून (रसायनाने ग्रेनच्या सीमा उठवून) मायक्रोस्कोपखाली धरावा.