‘मराठी माध्यम’ ऐकलं, सही केली, आणि घरावर कर्ज आलं

गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा सुरू होऊन दोन आठवडे झाले होते. थोरला दहावीत गेलेला. एक दिवस तो धावतच घरी आला. शाळेत कुणीतरी ‘स्कॉलरशिप चाचणी’ घेतली होती आणि त्यात तो पहिल्या दहांत आला होता. चाचणीच्या कागदावर नाव, इयत्ता आणि पालकांचा मोबाईल नंबर लिहून घेतला होता. तो कागद कशासाठी होता हे आज मला कळतंय. तेव्हा मी पोराच्या हातावर साखर ठेवली.

आम्ही खानापूर रोडवरच्या एका गावात राहतो. घरातले हे उद्यमबागेत फौंड्रीत कामाला आहेत, मी घरी शिलाई करते. दोन्ही पोरं सरकारी मराठी शाळेत. ट्यूशनला बेळगावात पाठवायचं तर बसभाडं आणि फी मिळून महिन्याचं गणित जुळत नाही. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दोन तरुण घरी आले. स्वच्छ मराठी बोलत होते, मला वहिनी म्हणत होते, चहा घेतला. टॅब उघडून दाखवला, तर पडद्यावर मराठीतून विज्ञान शिकवणाऱ्या बाई. मी हरखून गेले. सीमाभागात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. आपल्या मुलांसाठी मराठीत काही मिळतंय म्हटलं की आपण अर्धे तिथंच विरघळतो. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, “हे मराठी माध्यमाचंच आहे ना?” “शंभर टक्के, वहिनी.” कुठल्या बोर्डाचं, हे मला विचारायचं सुचलंच नाही.

किंमत सांगितली ४२,००० रुपये. २,००० आत्ता आणि मग ‘महिन्याची फी’ २,०००, वीस महिने. नाही आवडलं तर पंधरा दिवसांत परत. यांचं आधार, पॅन आणि पासबुक घेतलं, त्यांच्याच मोबाईलवर फोटो काढले. यांच्या फोनवर एकामागून एक ओटीपी येत गेले आणि ते मुलगे “सांगा, सांगा” म्हणत भरत गेले. शेवटी म्हणाले, “कंपनीतून फोन येईल. सगळ्याला येस म्हणा, नाहीतर स्कॉलरशिप रद्द होते.” फोन आला. पलीकडची मुलगी इंग्रजी आणि हिंदीत भराभर बोलत होती. हे दिवसभर भट्टीजवळ उभे राहून आलेले, येस म्हणत गेले. त्या येसमध्ये कर्ज घ्यायची संमती होती.

आठ दिवसांनी थोरला माझ्या मशीनजवळ येऊन बसला. “आई, हे आमच्या पुस्तकात नाही की गं.” भूगोलात भारत आणि ब्राझील. गणिताचे दोन भाग, दोन वेगळे पेपर. सगळं महाराष्ट्र बोर्डाचं. आपल्या मुलांची पुस्तकं मराठीत असली तरी ती कर्नाटकाची असतात. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकाच्या दहावीच्या परीक्षेला, गणिताचा पेपर एकच. समाज विज्ञानात इतिहास-भूगोलाबरोबर समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि व्यवहार अध्ययनही येतं. त्यातलं कितीतरी त्या टॅबमध्ये नव्हतंच. आणि आपल्या पोरांना जी कन्नड भाषा अवघड जाते, तिचा तर एक धडाही नव्हता.

मी त्या मुलांना फोन लावला. “वहिनी, कर्नाटकाचा भाग पुढच्या आठवड्यात लोड होतोय.” पुढच्या आठवड्यात, “सर्व्हरचं काम चाललंय.” मग फोन उचलणं बंद. तोवर पंधरा दिवस उलटून गेले होते. माझी खात्री आहे, ती उत्तरं पंधरा दिवस उलटावेत म्हणूनच दिली होती.

जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर असे तीन हप्ते खात्यातून आपोआप गेले. ऑक्टोबरमध्ये गणपतीची उसनवारी फेडून खात्यात काही उरलं नव्हतं. हप्ता परत गेला आणि बँकेने वर दंड कापला. मी पासबुक घेऊन शाखेत गेले. खिडकीवरचे साहेब कन्नड बोलणारे, माझं कन्नड कामापुरतं. त्यांनी शांतपणे पूर्ण नोंद वाचली आणि मोडक्या मराठीत म्हणाले, “अक्का, हे फी नव्हे, लोन आहे.” शिकवणारी कंपनी वेगळी, पैसे देणारी फायनान्स कंपनी वेगळी. शिकवणाऱ्यांना त्यांचे पैसे पहिल्याच दिवशी मिळालेले. फायनान्सवाल्यांना टॅबमध्ये ब्राझील आहे की बेळगाव, याच्याशी देणंघेणं नाही. ऑटो डेबिट थांबवता येतं, पण त्याने कर्ज मिटत नाही, हेही त्यांनीच समजावलं. हप्ते थकले तर यांचा सिबिल, म्हणजे पुढचं कर्ज देताना बँका बघतात तो गुणांक, खाली जाणार होता.

त्या रात्री हे जेवले नाहीत. मला एक शब्द बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

पुढचं ज्यांनी मला सांगितलं ते आमच्या शाळेतले एक निवृत्त गुरुजी. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच अशा ऑनलाइन शिकवणाऱ्या कंपन्यांबद्दल पालकांना सावध केलं होतं. फीसाठी ऑटो डेबिट देऊ नका, काही कंपन्या गरीब घरं गाठून त्याची संमती काढून घेतात, असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. आमच्या गावापर्यंत ते कुणी आणलं नाही, याचा मला राग आहे. दुसरं म्हणजे रिझर्व्ह बँकेचा नियम. कर्ज देताना व्याज, खर्च आणि हप्ते एकत्र मांडलेला एक कागद द्यावा लागतो, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असायला हवा. आम्हाला इंग्रजी पीडीएफ आली होती, तीही सही झाल्यावर. “मराठीत द्या” असं मागायचा हक्क आपल्याला आहे, हे मला ठाऊकच नव्हतं.

गुरुजींनी फायनान्स कंपनीला लेखी तक्रार करायला लावली. सोबत १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. फायनान्स कंपनीने तीस दिवसांत नीट उत्तर दिलं नाही, तेव्हा रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार गेली. त्याला पैसे लागत नाहीत. आमच्याकडे पुरावा म्हणून थोरल्याने टॅबचे काढलेले फोटो होते. एका बाजूला त्यांचा धडा, दुसऱ्या बाजूला त्याचं पाठ्यपुस्तक. तेच कामी आले. फेब्रुवारीत टॅब परत घेऊन उरलेले हप्ते माफ झाल्याचं पत्र आलं. भरलेले ८,००० आणि दंड गेले ते गेलेच.

आणि हे सगळं चालू असताना कळलं की कर्नाटक पाठ्यपुस्तक संघाच्या वेबसाइटवर मराठी माध्यमाची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत. आता धाकटीसाठी आम्ही तीच उतरवून घेतो.

त्या चाचणीच्या कागदावर आमच्या पोराबरोबर वर्गातल्या सगळ्यांचे नंबर होते. गेल्या महिन्यापासून मी घरोघर जाऊन विचारतेय. पाच घरं झाली. परवा वरच्या आळीतल्या एका वहिनींनी पासबुक आणून दाखवलं. दर महिन्याची पाच तारीख, २,००० रुपये. त्यांना अजूनही ती फीच वाटत होती. सोमवारी आम्ही दोघी बँकेत जाणार आहोत.